दोनशे घ्यावी की चारशे

बाबू, शोरूममध्ये पाय ठेवलास की सगळ्यात मोठा आकडा तुला सगळ्यात आधी ऐकवतील. किती पीएस, टॉप स्पीड किती, शून्यावरून साठावर किती सेकंदांत जाते. ऐकून घे. मग शांतपणे एकच विचार : हा जोर किती आरपीएमला मिळतो? उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडी त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, पण सल्ला दुसऱ्याला विचार.

तुझा प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या पोंभुर्ण्यात आजकाल प्रत्येक तिसरं पोर तो घेऊन माझ्याकडे येतं. पल्सर एनएस २०० घेऊ की एनएस ४००झेड? दोन्ही बजाजच्या, दिसायला सख्ख्या बहिणी. सीटची उंची एकीची ८०५ मिलिमीटर, दुसरीची ८०७. टाकी दोन्हींची १२ लिटरची, गिअर दोन्हींना सहा. फरक आहे तो मांड्यांच्या मध्ये. एकीचं इंजिन १९९.५ सीसीचं, २४.५ पीएसचं. दुसरीचं नाव चारशे असलं तरी इंजिन ३७३ सीसीचं. मे २०२४ मध्ये आली तेव्हा ४० पीएस होते, २०२५ मध्ये ते ४३ केले. मोठ्या शहरात ज्यांच्याकडे पैसा आहे ते हाच प्रश्न स्पोर्ट्स कारबद्दल विचारतात, तीच गाडी छोट्या इंजिनात घ्यावी की मोठ्या. आपल्याकडे तो दोन चाकांवर येतो, एवढंच. हिशेब मात्र तोच आहे, आणि तो मला माझ्या उस्तादांनी शिकवला तसा मी तुला सांगतो.

आधी इंजिन म्हणजे काय ते हातात घेऊन बघ. माझ्या गॅरेजच्या फळीवर तीन जुने पिस्टन ठेवलेत. एक स्प्लेंडरचा, ५० मिलिमीटर व्यासाचा. चहाच्या छोट्या ग्लासात बसेल एवढा. दुसरा दोनशेचा, ७२ मिलिमीटरचा. मूठ मिटली तर बोटं त्याच्याभोवती पुरत नाहीत. तिसरा चारशेच्या जातीचा, ८९ मिलिमीटर. तो तळहात झाकून टाकतो. आता मजेची गोष्ट ऐक. पिस्टन सिलिंडरमध्ये खालीवर किती धावतो, तर स्प्लेंडरमध्ये ४९.५ मिलिमीटर आणि दोनशेमध्ये ४९. म्हणजे धाव सारखीच, दोनशेची अर्धा मिलिमीटर कमीच. सगळा फरक रुंदीचा. चारशेची धाव ६० मिलिमीटर. रुंदीचं क्षेत्रफळ काढून धावेनं गुणलंस की सीसी निघतात. दहावीचं गणित आहे, करून बघ, १९९.५ आणि ३७३ बरोबर येतात.

याचा अर्थ कळला का? रुंद पिस्टन आणि आखूड धाव असलेलं इंजिन जोर काढतं ते भराभर फिरून. दोनशेचे २४.५ पीएस मिळतात ९७५० आरपीएमला. तिचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळवटण्याची ताकद, जवळपास १८.७ न्यूटन मीटर, तीही ८००० आरपीएमला. एवढी रेस देऊन तू गाडी कुठं चालवणार? पोंभुर्ण्याच्या बाजारातून? देवाड्याच्या वळणावर? गावातल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात पस्तीस-चाळीसनं जाताना इंजिन त्याच्या खूप खाली फिरत असतं, आणि तिथं दोनशे काही फार मोठी नाही. तिथं ती चांगल्या दीडशेसारखीच वागते. तिची खरी मजा सात हजारांच्या वर सुरू होते. ज्याला ती मजा घ्यायची सवय नाही किंवा ज्याच्याकडे तसा रस्ता नाही, तो कागदावरचे पीएस विकत घेतो आणि आयुष्यभर वापरत नाही.

चारशे याच्या उलट. तिचा टॉर्क ३५ न्यूटन मीटर, म्हणजे दोनशेच्या जवळपास दुप्पट, आणि तो दोनशेपेक्षा कमी आरपीएमलाच मिळतो. खालच्या रेसमध्येही ती भरलेली असते. पाचव्या गिअरात मूठ जरा पिळली की निघते, गिअर पाडावा लागत नाही. म्हणून जो सांगतो की मोठं इंजिन म्हणजे फक्त पळण्याचा शौक, तो अर्धवट सांगतो. मोठं इंजिन सावकाश चालवायलाही सोपं असतं. माझा एक ठोकताळा आहे : छोटं इंजिन गिअरवर चालतं, मोठं मुठीवर. तुझा डावा पाय गिअर पाडायला आळस करत असेल तर दोनशे तुला नेहमी मरगळलेली वाटेल, आणि तू उगीच गाडीला दोष देशील.

शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, तू लहानपणापासून जातोस, तुला हे वेगळं सांगायला नको. पटाची जोडी आणि चिखलणीची जोडी एकच शेतकरी पाळत नाही. पटाचे बैल सडपातळ, उसळते, काही सेकंदांत सगळा दम लावणारे. त्यांना रोवणीच्या चिखलात घातलं तर दुपारपर्यंत बसतात. चिखलणीचा बैल पटात उतरवला तर लोक हसतात, पण आषाढात घर तोच चालवतो. दोन्ही बैल चांगलेच. फक्त शेत आणि दाण, म्हणजे पटाची धावपट्टी, ओळखून घ्यावे लागतात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी घातली होती, तेव्हा आपल्या भागात कित्येकांनी पटाची जोडी विकून टाकली आणि नांगराची ठेवली. मे २०२३ मध्ये कोर्टानं राज्याचा कायदा कायम केला तेव्हा पुन्हा सडपातळ गोऱ्ह्यांचे भाव चढले. काम बदललं की निवड बदलते.

तर तुझं काम कोणतं? रोजचा रस्ता कोणता? हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तू पहिला विचार. आणि सगळ्यात चांगला रस्ता डोळ्यांपुढं आणू नकोस. नागपूरकडे जाताना चारपदरी लागतो तो सगळ्यांनाच आठवतो. सगळ्यात जास्त वेळा जातोस तो आठव. पोंभुर्णा ते मूल, पोंभुर्णा ते चंद्रपूर, शेतावरचा पांदण रस्ता, सासुरवाडीच्या गावचा मुरूम टाकलेला रस्ता. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळतात, रस्त्याच्या कडेला ढीग लागतो, पहाटेचं दव पडलं की ती पानं तेलासारखी निसटतात. पावसाळ्यात धानाच्या बांधीतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखलाच्या पट्ट्या सोडत जातात, आणि त्या पट्ट्या वळणावरच जास्त असतात कारण ट्रॅक्टर तिथंच चढतो. अशा रस्त्यावर चाक जितका जोर झेलू शकतं तितकाच जोर कामाचा. त्यावरचा सगळा मागचं चाक घसरवण्यात जातो. चारशेला त्यासाठी ट्रॅक्शन कंट्रोल दिलंय, पावसासाठी वेगळा मोड दिलाय, ते खरंच उपयोगी आहे, आणि चालवणारा ते बंद करून ठेवणार नसेल तर मी त्याचे गुण देतो.

आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण याच गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो. आपल्या रस्त्यावर इंजिनाची हद्द इंजिन ठरवत नाही, ब्रेक आणि दिवा ठरवतात.

कोरड्या डांबरावर ताशी साठनं जाताना समोर काही दिसलं, तर बोटं लिव्हरवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १७ मीटर गेलेली असते. मग चांगला ब्रेक, चांगले टायर, सराईत हात असेल तर आणखी २० मीटरमध्ये थांबते. एकूण ३७ मीटर. आता हेच शंभरनं कर. विचार करण्यात २८ मीटर, थांबण्यात ५६. एकूण ८४. वेग दुप्पटही झाला नाही, पण थांबायची जागा सव्वादोनपट झाली. रात्री डिपरवर तुला समोरचं चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नीट दिसतं. म्हणजे साठनं तू जे दिसतंय त्यात थांबतोस, शंभरनं तू न दिसणाऱ्या जागेत थांबणार आहेस. पानांवर किंवा मुरमावर हे आकडे आणखी लांबतात.

चिचपल्ली-केळझरच्या जंगलातून संध्याकाळी कधी सावकाश ये. चितळांचा कळप रस्ता ओलांडतो तेव्हा पहिलं चितळ दिसतं, तू ब्रेक लावतोस, ते निघून जातं, तुला वाटतं सुटलो. मागून आणखी सहा येतात. रानडुक्कर तर बघतच नाही, सरळ घुसतं. नीलगाय अंधारात रस्त्याच्या रंगाची होते. वाघाचं म्हणशील तर ताडोबा-अंधारीपासून आपल्या शिवारापर्यंत त्याला कुंपण नाही. आणि जनावरंच कशाला, मोहफुलाच्या दिवसांत पहाटे चार वाजल्यापासून आपल्याच बाया टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला वाकलेल्या असतात. त्यांच्या अंगावर पांढरं कापड असेलच असं नाही. त्या रस्त्यावर ज्याची गाडी ऐंशीला गाणं म्हणायला लागते त्याचा हात आपोआप ऐंशीकडे जातो. ऐंशीच्या वेगात चारशे इतकी शांत असते की तुला पन्नासनं चाललोय असं वाटतं. हा तिचा गुण हायवेवर, आणि हाच तिचा दोष जंगलात. एवढ्या एका कारणासाठी मी आपल्या तालुक्यात राहणाऱ्या, रात्री-बेरात्री जाणं-येणं असणाऱ्या पोराला दोनशेकडे ढकलतो.

ही अक्कल माझी नाही. चंद्रपूरला जटपुरा गेटाजवळ मी ज्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकलो त्या उस्तादांची आहे. त्या काळात प्रश्न होता राजदूत ३५० की आरएक्स १००. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० इथं आणली, राजदूत नाव लावून. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीसच्या वर बीएचपी. ज्या देशात लोक साध्या राजदूतवर दुधाचे कॅन बांधून हिंडत होते तिथं ती वीज पडल्यासारखी आली. जपानी मूळ गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता. इथल्या गाडीला दोन्हीकडे ड्रम. उस्ताद गिऱ्हाईकाला समोर उभं करून पुढचं चाक हातानं फिरवायचे, ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, ‘गाडी पयते का नाही ते कोणीबी पायते. थांबते का नाही ते तू पाय.’ पुढं कंपनीनं जोर थोडा उतरवलेली आणि पेट्रोल कमी पिणारी आवृत्तीही काढली, तरी ती गाडी दशक संपता संपता बंद झाली.

आणि आरएक्स १००? ९८ सीसी. ११ बीएचपी. नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. वजन शंभर किलोच्या आसपास. साडेतीनशेच्या एक तृतीयांश जोराची गाडी, पण तालुक्याच्या गावात तिच्याइतकी चपळ दुसरी नव्हती, कारण तिच्या अकरा घोड्यांना ओढायला ओझंच नव्हतं. शिवाय जो जोर होता तो सगळा माणूस रोज वापरायचा. आजही कुणी नीट ठेवलेली आरएक्स विकायला काढली की नव्या गाडीचा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक मिळतं. राजदूत ३५० ही मोठी गाडी होती यात वाद नाही. तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत आणि त्यांचा मी मान ठेवतो. पण उस्तादांनी ती कुणाला घ्यायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

यातून एक कायमची पद्धत शिक : पीएसला वजनानं भाग. आणि वजनात स्वतःला धर, मागं बसणाऱ्यालाही धर. स्प्लेंडर ११२ किलो, पीएस आठ. तू सत्तर किलोचा. टनाला ४४ पीएस पडले. एनएस २०० साधारण १५८ किलो. तू धरून टनाला १०७. चारशे १७४ किलोची. ४० पीएस धरले तरी टनाला १६४. आता मागं कुणाला तरी बसव, पासष्ट किलोचं. दोनशे उतरली ८४ वर, चारशे १२९ वर. लक्षात घे, डबलसीट चारशे ही सिंगलसीट दोनशेपेक्षा हलकीफुलकी चालते. ज्याच्या मागं रोज बायको किंवा आई बसते, आणि लांब जायचं असतं, त्याला हा फरक हाताला जाणवतो.

म्हणून चारशे कुणी घ्यावी तेही सांगतो. ज्याची नोकरी नागपूरला आणि घर इथं, आणि जो महिन्यातून दोन-चारदा तो लांबचा रस्ता करतो, त्यानं घ्यावी. आणि ज्याला गोंडपिपरी-आष्टीच्या बाजूला ट्रकांच्या रांगेतून जावं लागतं त्यानंही विचार करावा. ओव्हरटेकचा हिशेब बघ. पन्नासनं चाललेला बारा मीटरचा ट्रक, मागंपुढं पंधरा-पंधरा मीटर जागा. तुला त्याच्यापेक्षा साधारण चाळीस मीटर जास्त कापायचे आहेत. तू सत्तरनं गेलास तर सात सेकंद लागतात आणि तू १४० मीटर चुकीच्या बाजूला असतोस. नव्वदनं गेलास तर साडेतीन सेकंदांच्या वर थोडं, आणि ९० मीटर. सत्तरवरून नव्वदवर पटकन नेणारं इंजिन इथं जीव वाचवतं, हे कबूल करायलाच हवं. दोनशेही हे करते, पण दोन गिअर पाडून, इंजिन ओरडवून. आणि ते आधी पाडावे लागतात, ट्रकच्या बरोबरीला आल्यावर नाही. ट्रकच्या मागं असतानाच चौथा टाक, समोर मोकळं दिसलं की निघ, नाही दिसलं तर चौथ्यातच मागं राहा. चारशेवाल्यानं हे शिकलं नाही तरी चालून जातं. दोनशेवाल्यानं शिकलंच पाहिजे.

पैशाचं बोलू. पोरं अ‍ॅव्हरेजवर भांडतात, पण खरा खर्च तिथं नाही. आपल्या चालीनं दोनशेवाली लिटरला पस्तीसच्या आसपास देते, चारशेवाली अठ्ठावीस. महिन्याला हजार किलोमीटर धर. फरक सात लिटरचा. शंभरीपार पेट्रोल धरून सातशे-साडेसातशे रुपये. झेपतं. पण ३५० सीसीची रेघ ओलांडली की सरकार तुला वेगळ्या रांगेत उभं करतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यावर ४० टक्के. दीड लाखाच्या मूळ किमतीवर एकाला २७ हजार, दुसऱ्याला ६० हजार. कंपनी कधी यातला काही भार स्वतः उचलते, म्हणून ऐकीव किमतीवर जाऊ नको. ऑन-रोडचा आकडा शोरूमच्या कागदावर लिहून घे. विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७. दुप्पट. या फरकाची बेरीज करून बघ आणि मग मला सांग, त्या पैशात चांगलं हेल्मेट, जाकीट, बूट, दोन वर्षांनी नवे टायर यातलं काय बसत नाही? ज्या पोराकडे चारशे आहे आणि हेल्मेट रस्त्याकडेच्या टोपलीतलं आहे, त्यानं इंजिनाची निवड करताना पैसे चुकीच्या टोकाला लावले.

उष्णतेकडे कुणी बघत नाही, तू बघ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ ला जातो. दोन्ही गाड्या पाण्यानं थंड होणाऱ्या आहेत, रेडिएटरचा पंखा आहे, इंजिन काही पकडत नाही. पण मोठं इंजिन जास्त पेट्रोल जाळतं म्हणजे जास्त उष्णता बाहेर फेकतं, आणि गाडी थांबली की ती तुझ्या मांडीवर येते. चंद्रपूरच्या गांधी चौकातल्या गर्दीत दुपारी दोन वाजता उभं राहून ठरव. कूलंटची पातळी उन्हाळ्याआधी बघून घे, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला धानाचा कोंडा न् किडे हलक्या पाण्यानं मागून पुढं धुऊन काढ. प्रेशर वॉशरनं मारलंस तर जाळीचे पत्रे वाकतात आणि पंखा असून नसल्यासारखा होतो.

जगातही हेच चालतं. माझदा कंपनीची एमएक्स-५ नावाची दोन आसनी, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार आहे. २०१५ ला तिची चौथी पिढी आली तेव्हा कंपनीनं आपल्या घरी, जपानमध्ये, कापडी टपाची गाडी दीड लिटर इंजिनातच विकली, आणि अमेरिकेत पाठवली ती दोन लिटरची. जपानमधली सगळ्यात साधी गाडी ९९० किलोची. तिकडचे रस्ते अरुंद, डोंगरातले, वळणांचे. अमेरिकेतले सरळ आणि लांब. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच रस्ता बघून इंजिन बदललं. तुलाही तेच करायचंय, फक्त देशाच्या जागी तालुका धर.

टेस्ट राइड मागून घे, आणि शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दोन चकरा मारून समाधान मानू नको. घरच्या कुणाला तरी मागं बसव. तिसऱ्या गिअरात तीसवर आण आणि गिअर न बदलता मूठ उघड. साठपर्यंत जाताना गाडी अडखळते, की तक्रार न करता ओढते? मग दुसऱ्या गिअरात स्पीड ब्रेकरवरून जा, क्लच न दाबता. मग एका मोकळ्या जागी, मागं कुणी नसताना, साठवरून दोन्ही ब्रेक जोरात लाव. एबीएसची थरथर हाताला कळू दे, तिला घाबरू नको. दोनशेला पुढं ३०० मिलिमीटरची डिस्क आहे, चारशेला ३२०, दोन्हींचा ब्रेक चांगला आहे. तुला बघायचंय ते तुझं. शेवटी गाडी बंद कर, खाली उतर आणि ती उलटी ढकल. आपल्या अंगणात उतार असतो, रेती असते, टाकी भरलेली असते. १५८ आणि १७४ मधले सोळा किलो कागदावर काहीच वाटत नाहीत, रेतीत मागं ओढताना कळतात. तुझ्या बहिणीलाही कधी गाडी काढावी लागणार असेल तर तिलाही ढकलायला लाव. ती म्हणेल ते ऐक.

नवी घेताना माझं मत दोनशेकडे झुकतं, हे तुला कळलंच असेल. पण बजेट तेवढं नसेल आणि जुनी बघत असशील तर काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. एनएस २०० ला दोन्ही चाकांचं एबीएस मिळालं ते २०२३ पासून. त्याआधीच्या गाडीला एक तर एबीएसच नाही किंवा फक्त पुढच्या चाकाला आहे. आपल्या रस्त्यांसाठी मी २०२३ च्या आधीची घेऊ देणार नाही, स्वस्त मिळाली तरी. चेनकिट बघ : मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकलेले, टोकदार झालेले असतील तर गाडी खूप चाललेली किंवा झटके देऊन चालवलेली आहे, मग मालक काहीही सांगो. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरव. दुधाळ, चहासारखा साका लागला तर कूलंट ऑइलमध्ये गेलेलं असू शकतं, तिथून निघून ये. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांग. गाडी दाखवायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर का ठेवली ते विचार. जुन्या चारशेच्या बाबतीत आणखी एक : हप्ते थकल्यामुळं विकायला काढलेल्या गाड्या पुष्कळ असतात. आरसी बुकावर बँकेचं नाव असेल तर पैसे देण्याआधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घे, विकणाऱ्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे, आणि चेसिस नंबर स्वतः खडूनं घासून कागदाशी अक्षर-अक्षर जुळवून बघ. गाडी गडचिरोलीची, एमएच-३३ ची असेल तरी बिचकू नको, राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, फक्त नावावर करून घेणं लांबवू नको. सह्या करून घेतलेले फॉर्म घरी ठेवून वर्षभर दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवणारे मी बघतो. अपघात झाला की विमा कंपनी पहिला कागद मागते तो गाडी नावावर असल्याचा.

आणि शनिवारी येशील तेव्हा दुपारच्या आधी ये. मूलला एकानं दोनशे विकायला काढली आहे, २०२३ ची. जाऊन बघू.